सैतानाला पाणी पाजलं तेव्हा

सैतान धुण्याच्या दगडावर बसला होता, आणि त्याला तहान लागली होती.

मी झऱ्यावर घागर भरली, चुंबळ नीट केली, घागर डोक्यावर घेऊन वळले — तर तो समोर. पाऊस भुरभुरत होता. बोकडाची वळलेली शिंगं, खांद्यापासून पायापर्यंत केसाळ काळी कातडी, कोळशासारखं तोंड, ओठांबाहेर आलेले सुळे. शिंगांच्या टोकांवरून थेंब ओघळत होते, आणि तो बिचारा गुडघ्यांवर हात ठेवून, पापकबुलीच्या रांगेतल्या म्हातारीसारखा गप्प बसला होता.

"माफ करा," तो म्हणाला. "घोटभर पाणी मिळेल का?"

रोमचा हेल होता. आवाज ताज्या लोण्यासारखा मऊ.

सिनेमावाले आलेत हे मला ठाऊक होतं. टेकडीवरच्या ओसाड मठात ते सैतानाच्या भक्तांचा सिनेमा काढत होते, 'काळी पूजा' नावाचा. पण ऐकणं वेगळं आणि भर दिवसा तो असा चार हातांवर बसलेला बघणं वेगळं. भ्याले मी. पण आमच्या रोक्कालूपा गावच्या बायका भ्यायल्या तरी दाखवत नाहीत. दारात लांडगा आला तर त्याला आधी पाय पुसायला सांगतात.

"झरा तुझ्या पाठीमागेच वाहतोय," मी म्हटलं. "एवढे मोठे डोळे रंगवलेत, दिसत नाही का?"

"दिसतो. पण वाकता येत नाही."

"का, कंबर धरली?"

"वाकलो की हनुवटी गळून पडते. डिंकाने चिकटवलीय. मघाशी एकदा पडली, तेव्हा रंगवणाऱ्याने माझ्या आईचा उद्धार केला."

"सैतानाला आई असते वाटतं."

"होती," तो म्हणाला. "बाजारात कोंबड्या विकायची. फार चांगली होती… तुमच्यासारखीच बोलायची."

आता यावर कुणाला हसू येणार नाही? मला आलं. मी घागर उतरवली, ओगराळं बुडवलं, आणि एक हात त्या डिंकाच्या हनुवटीखाली धरून त्याला पाणी पाजलं. त्याने पिता पिता वर पाहिलं. बाकी सगळं कातडी, रंग आणि केस — पण डोळे त्याचे स्वतःचे होते. चेस्टनटच्या मधासारखे, गडद आणि जरासे कडवट.

पाणी संपलं. त्याने डोळे हटवले नाहीत. मीही नाही.

मग मला शांतता ऐकू आली. पलीकडच्या दगडांवर धुणं आपटायचे आवाज थांबले होते. आसुंताच्या हातातली चादर पिळायची तशीच राहिली होती. सगळ्या बायका आमच्याकडे बघत होत्या, आणि मी काय करून बसले ते मला तेव्हा समजलं.

आमच्या डोंगरात मुलाला मुलगी आवडली की तो झऱ्यावर जाऊन तिच्याकडे पाणी मागतो. तिने घागर उचलून वाट धरली, तर नाही. चारचौघांत तिने आपल्या हाताने पाजलं, तर जमलं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. गिरणीवाल्या पार्दोने त्या उन्हाळ्यात माझ्याकडे दोनदा पाणी मागितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो कोरड्या घशाने घरी गेला होता.

मी मुद्दाम पाजलं, असं अजून काहीजणी म्हणतात. म्हणू दे.

*

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई गावाची भट्टी चालवायची. बाबा गेल्यापासून एकटीच. लांब दांड्याच्या फावड्याने ती पाव बाहेर काढत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"ये," ती म्हणाली. "जावई कुठाय? की शेपूट दारात अडकली?"

"आई, तहानलेला होता तो."

"पार्दो काय तुझ्याकडे आंघोळीला आला होता?"

"हा परका आहे. त्याला आपली रीत माहीत नाही."

"त्याला नाही. तुला आहे ना?" तिने फावडं टेकवून माझ्याकडे पाहिलं. आईचं पाहणं म्हणजे भट्टीचं दार उघडल्यासारखं. दोन पावलं मागे सरावंच लागायचं. "ऐक लिबेराता. आपल्या घरातल्या बाईने पाजलेलं पाणी वाया जात नाही. प्यायलाय ना? मग या दारात येऊन त्याने माझ्याकडे तुला मागायचं. शिंगं उतरवून, माणसाच्या तोंडाने. त्यांचं चंबूगबाळं गावातून हलायच्या आत. नाही आला, तर नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला नव्या वाईनचं पिंप उघडेल तेव्हा तू पार्दोला पाजशील. मग तोंड वाकडं करायचं नाही."

"आणि मी त्याला हे सांगायचं?"

"सांगितलंस तर पाय मोडीन. मागणं त्याला सुचलं पाहिजे."

एवढंच होतं सगळं. सिनेमा संपेपर्यंत मुदत, आणि तोंड शिवलेलं.

*

सिनेमावाल्यांना सैतानाचे भक्त कमी पडत होते, म्हणून त्यांनी गाव बोलावलं. फादर निकान्द्रोंनी रविवारच्या मिस्सानंतर सांगितलं, "काळा झगा घातल्याने कुणी नरकात जात नाही. माझाही काळाच आहे." तरी मनात धाकधूक असावी, कारण आम्ही मठाकडे निघालो तेव्हा तेही जपमाळ घेऊन मागोमाग आले आणि दाराशी दगडावर, पाठ फिरवून बसले.

त्या मठात मी लहानपणी शेळ्या नेल्या होत्या. छताला भोकं होती, भिंतीवर शेवाळ. पण त्या सकाळी आत पाऊल टाकलं आणि… मी थांबलेच. खिडक्या काळ्या कापडाने बंद केल्या होत्या. बाहेर दिवस होता आणि आत रात्र केली होती माणसांनी. वर कुठूनसा एकच निळा उजेड पडत होता, चांदण्यासारखा, पण चांदण्यापेक्षा थंड. जमिनीवरून धूर सरपटत होता. फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढलेलं, त्यावर अनोळखी अक्षरं, मधे दगडी वेदी आणि वेदीवर बोकडाची कवटी. आम्ही काळ्या झग्यांत, टोप्या ओढून त्या वर्तुळाभोवती उभे राहिलो. शेजारी आसुंता होती, पण टोपीखाली मला तिचं तोंड दिसेना. क्षणभर वाटलं, ही आसुंता नाहीच.

डायरेक्टरसाहेब लहानखुरा माणूस, गळ्यात मफलर. त्याने हात वर केला. सगळं स्तब्ध झालं. आणि वेदीमागच्या धुरातून तो उठला.

तो ओरेस्ते होता, हे मला माहीत होतं. एव्हाना नाव कळलं होतं मला. त्याच्या हनुवटीला डिंक आहे, हेही माहीत होतं. तरी मी एक पाऊल मागे सरले. तो हळूहळू उंच होत गेला… शिंगं त्या निळ्या उजेडात शिरली, हात पसरले, भिंतीवर सावली छतापर्यंत चढली.  जन्मभर प्रवचनात ऐकलेला तो, आजीच्या गोष्टींतला, चुलीमागच्या अंधारातला, आज उभा होता आणि सुंदर दिसत होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, की तो सुंदर असेल.

मागे दाराशी फादर निकान्द्रोंनी मान वळवलीच. "आयुष्यभर याच्याविरुद्ध बोलतोय," ते पुटपुटले. "पाहिला मात्र आज."

आणि मग अख्ख्या गावाने, एका दमात, छातीवर क्रूसाची खूण केली.

"कट." डायरेक्टरसाहेबाने कपाळ धरलं. "बायांनो, बाप्यांनो, तुम्ही याची पूजा करताय. तो तुमचा देव आहे. त्याला हाकलताय कशाला?"

"चुकलं साहेब," आम्ही म्हणालो.

पुन्हा धूर, पुन्हा उजेड, पुन्हा तो उठला. पुन्हा खूण. जेवणाची वेळ टळली तरी तेच. तो उठायचा आणि आमचे हात आपोआप कपाळाकडे जायचे. शेवटी ओरेस्तेच वेदीमागून म्हणाला, "साहेब, दर वेळी माझाच उद्धार होतोय. संध्याकाळपर्यंत मी स्वर्गात जाईन."

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरसाहेबाने तोड काढली: प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक जळती काळी मेणबत्ती. खूण करायला गेलं तर झगा पेटेल. हात थांबले. पण आता तोंडं सुरू झाली. सैतान उठला की सगळीकडून 'नमो मरिये' ची कुजबुज. आम्हाला वाटलं, आता साहेब मफलर फाडणार. तो चक्क खूश झाला.

"म्हणा, म्हणा," तो म्हणाला. "ओठ हलू देत. आवाज इथला घेतच नाही आपण. तो नंतर रोममध्ये भरतात, दुसऱ्या माणसांचा. तुम्ही प्रार्थना म्हणा, शिव्या घाला, बाजारभाव सांगा… पडद्यावर तुम्ही सैतानाचेच मंत्र म्हणत असाल."

मग काय, गावाने निवांतपणे सैतानापुढे गुडघे टेकले आणि त्याच्या तोंडावर रोज पवित्र मरियेची अख्खी माळ म्हटली.

*

दुपारच्या सुट्टीत सगळे पाव-चीजची गाठोडी सोडून बसायचे. ओरेस्तेला सुळ्यांमुळे चावता यायचं नाही. मी आईच्या भट्टीवरून मसुरीचं सूप न्यायची आणि बोरूच्या नळीने त्याला प्यायला लावायची. पहाट व्हायच्या आत त्याला रंगवायला बसवत, आणि रंग उतरवायला शहरातल्या मुक्कामी नेत. त्यामुळे त्याचा चेहरा गावात कुणीच पाहिला नव्हता. मीसुद्धा.

"कसा दिसतोस तू?" मी एकदा विचारलं.

"आत्ता आहे त्यापेक्षा बरा. थोडासाच."

"शिंगं?"

"ती काढता येतात. नाक नाही. नाक माझं स्वतःचं आहे, आणि मोठं आहे."

"सरकव जरा ते सूप. सांडतंय."

"तुम्ही नेहमी अशाच बोलता?"

"आवडत नसेल तर दुसऱ्या झऱ्यावर जा."

तो हसला. सैतान हसला की सुळे दिसतात, केस थरथरतात, सगळं भयंकर दिसतं — पण डोळ्यांच्या कडेला रंगाला बारीक भेगा पडायच्या. मी त्या भेगांसाठी बोलत राहायची.

"हे संपल्यावर पुढे?" मी विचारलं. फार सहज. नळीकडे बघत.

"दुसरा सिनेमा. त्यात मी मढं आहे." तो जरा थांबला. "उंच माणसाला एवढंच काम मिळतं. तोंड झाकून उभं राहायचं. घरी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळे… कुठेही उभं राहता येतं."

सांगावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं. पण आईने पाय मोडले असते, आणि त्याहून जास्त माझा अभिमानच मला आडवा आला. बाईने पाजलं, आता तिनेच त्याला हात धरून दाराशी ओढायचं?

सांगायचं काम पार्दोने केलं. गिरणीवरून पिठाचं पोतं घेऊन तो मठापाशी आला, सगळ्यांदेखत ओरेस्तेसमोर उभा राहिला.

"काय रे शिंगाड्या," तो म्हणाला. "आमच्या मुलीच्या हातचं पाणी प्यायलास. इथे त्याला सोयरीक म्हणतात. एक तर तिच्या आईच्या दारात जा, नाहीतर तोंड काळं कर." मग त्याला नीट न्याहाळून म्हणाला, "ते आधीच केलंयस म्हणा."

लोक हसले. ओरेस्ते हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि रंगाखालचा माणूस आत कुठेतरी मागे सरकला.

त्यानंतर तो सूप प्यायला आला नाही. सुट्टीत वेदीमागेच बसून राहायचा. मी वाडगा दगडावर ठेवायची, गार झाला की उचलायची. आई संध्याकाळी भट्टी विझवताना सणाला उरलेले दिवस बोटांवर मोजायची. पार्दो मात्र दारावरून जाताना टोपी काढायला लागला. नवी वाईन पिंपात फसफसत होती.

*

शेवटचा दिवस. सकाळीच सामानाच्या गाड्या मठाखाली येऊन उभ्या होत्या. एकच प्रसंग राहिला होता: भक्तांनी एकेक करून सैतानापुढे यायचं, गुडघे टेकायचे, त्याच्या नावाने शपथ घ्यायची, त्याने प्रत्येकाच्या डोक्यावर पंजा ठेवून उत्तर द्यायचं. त्या दिवशी आईही आली. भट्टीच्या राखेचे हात तसेच, वर काळा झगा. म्हणाली, "बघू तरी माझ्या होऊ न शकलेल्या जावयाला." ती रांगेत माझ्या मागेच उभी राहिली.

निळा उजेड पडला. धूर उठला. कॅमेरा अगदी वेदीला लागून होता, बारीक गुरगुरत होता. पुढचे लोक जात होते, काहीतरी पुटपुटत होते, पंजा घेत होते. माझी पाळी आली.

मी गुडघे टेकले. वर पाहिलं… आणि खरं सांगते, त्या घटकेला मला सिनेमा दिसेना. शिंगांमागे ती सगळी माणसांनी केलेली रात्र पसरली होती. मेणबत्त्यांच्या ज्योती त्याच्या डोळ्यांत होत्या. एवढा मोठा, एवढा भयंकर, आणि माझ्या दोन हातांवर. असं वाटलं, यापुढे खोटं बोललं तर जमीन दुभंगेल.

ओठ तर हलवायचेच होते. मी म्हटलं, "ओरेस्ते, उद्या इथे कुणी नसेल. पाणी मी चुकून पाजलं नाही. चुकून पाजलं असं मी सगळ्यांना सांगितलं, पण नाही. आता येणार की नाही, ते सांग."

त्याचा पंजा हवेतच थांबला. कॅमेरा चालूच होता.

"तू माझा चेहरा पाहिला नाहीस," तो म्हणाला. अगदी हळू. पण सैतानाचं तोंड पुरतं उघडत होतं, सुळे चमकत होते.

"डोळे पाहिलेत."

"माझ्याकडे काही नाही, लिबेराता. तोंड झाकून उभं राहायचं, एवढंच मला येतं. चार लोकांत तोंड उघडं ठेवून मी कधी काही मागितलेलं नाही. दारात येऊन बोबडी वळली तर?"

"वळू दे. आमच्याकडे भट्टी आहे. तिच्यापुढे सगळ्यांचीच तोंडं काळी होतात, कुणी बघत नाही." माझ्या हातांतल्या मेणबत्त्यांचं मेण बोटांवर सांडलं. "मढं व्हायला जाऊ नकोस. इथे राहा. राहशील?"

 धूर आमच्या दोघांमधून वाहत गेला. मग त्या रंगाखालून, डोळ्याच्या कडेपासून पाण्याची एक रेघ खाली उतरली आणि काळ्यात वाट करत हनुवटीपर्यंत गेली.

"राहीन," तो म्हणाला. पंजा माझ्या डोक्यावर टेकला. किती जपून टेकला. "आज संध्याकाळी येतो. आईला सांग."

"आईला ऐकू आलंय," माझ्या मागून आई म्हणाली. "आता ऊठ बाई, माझे गुडघे दुखतात."

"कट!" डायरेक्टरसाहेब वर्तुळ तुडवत धावत आला. त्याचे डोळे भरले होते. "देवा रे. हे मी कुणाला शिकवूनही आलं नसतं. सैतान रडतोय… पोरी, काय म्हणालीस तू त्याला?"

 आईने टोपी मागे टाकली.

"माळेतली प्रार्थना," ती म्हणाली. "आमच्या घरात ती जोरकस म्हणतात."

*

संध्याकाळी दार वाजलं तेव्हा मी उघडलं. दारात एक उंच, घाबरलेला माणूस होता. केस ओले, गाल घासून घासून लाल झालेले. नाक खरंच मोठं होतं. मी त्याला ओळखलं नाही — आणि मग त्याने वर पाहिलं.

"ते… मी…" तो म्हणाला, आणि पुढे त्याची बोबडी वळली.

आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मघाशी चांगला बोलत होतास की. बस. तोवर हा पाव काप, आता तुला चावता येईल."

त्याने पाव कापला. कापता कापता मागणं घातलं, सुरीकडे बघत, प्रत्येक शब्द अडखळत. आईने मधे एकदाही टोकलं नाही. तिच्यासाठी ते फार मोठं होतं.

सिनेमा पुढच्या वसंतात जिल्ह्याच्या गावी लागला. लग्नाला महिनाही झाला नव्हता. थेटर गच्च भरलेलं. मठ पडद्यावर आला आणि अख्ख्या थेटरचा आवाज बंद झाला. तीच निळी रात्र, पण आता डोंगराएवढी. मग माझा चेहरा आला, चर्चच्या दारापेक्षा मोठा, आणि माझ्या तोंडून परक्या बाईचा घोगरा आवाज निघाला. लॅटिनमधलं काहीतरी अभद्र. शेजारच्या बाईने शालीआड तोंड लपवलं. सैतानाने मान खाली केली, सुळे उघडले, आणि दगडांची गाडी दरीत कोसळावी तसा एक आवाज सगळ्या थेटरभर घुमला. पुढच्या रांगेत कुणी किंचाळलं. दोघेजण उठून बाहेर गेले. बाकीच्यांनी क्रूसाची खूण केली.

मी मात्र त्याचे ओठ बघत होते. ते स्पष्ट दिसत होते, भिंतीएवढे. राहीन, म्हणत होते. अंधारात ओरेस्तेने माझा हात धरला. त्याचा पंजा तेव्हा आईच्या भट्टीवरच्या पिठाने पांढरा असायचा, आणि सणाचे कपडे घातले तरी नखांतलं पीठ निघायचं नाही.